उंबऱ्यातला भाकरतुकडा

दक्षिण सुदान,
१२ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस,
तुझ्या सेजलचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी हाय. पाणी उकळूनच पिते. गोळीबार ऐकू येतो तो लांबचा असतो, काळजी करू नको. तुझा गुडघा कसा हाय? पोलादपूरला डॉक्टरकडं गेलीस का?

काल आमच्या मदतकेंद्रातल्या एका मुलीला तिच्या घरी सोडलं. बंदूकवाल्यांनी नवव्या वर्षी पळवून नेली होती, आता चौदाची हाय. गाव लांबच उभा राहिला. तिच्या हातून काय काय करवून घेतलं असेल, या भीतीनं आईसुद्धा दारातून हलेना. मग मी डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तू करतेस तसा पोरीवरून ओवाळायला लागले. तिची आई बघत होती. ती पुढं आली, माझ्या हातातून तुकडा घेतला, स्वतः ओवाळून लांब टाकला आणि लेकीला हाताला धरून आत नेलं.

आये, गेल्या खेपेला तू तुकडा आणायला गेलीस नि मी वैतागून तशीच घरात शिरले. मे महिन्यात येईन तेव्हा दारातच उभी राहीन. तुझा गुडघा दुखतो, सावकाश ये.

तुझीच,
सेजल