दाणे म्हणजे फल्ली

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून वल्लरीचा नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी वाच. तुकोगंजात ऑफिसच्या मागेच कमलमावशींची छोटी खानावळ आहे. आमटी अगदी आपल्यासारखी.

तू शिकवलंस तसं काल घासाआधी विचारलं, "भाजीत दाणे नाहीत ना?"

"बिल्कुल नाही बेटा, आरामात जेव."

पहिल्याच घासाला ओठ चुरचुरले. घास थुंकला, अ‍ॅलर्जीची गोळी घेतली आणि घसा सुजतोय का, हे बघत बसले. नाही सुजला. मावशींना दाणे म्हणजे मेथीदाणे वाटले. शेंगदाण्याला इथे फल्ली म्हणतात! त्या रडायलाच लागल्या.

आज त्यांनी माझी भाजी वेगळ्या कढईत केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा ओरडल्या, "फल्ली नाही गं, खा आता!" सगळे हसले. मीही हसले, पण घास हातातच राहिला. घरी तो आधी तू चाखायचीस.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस. ते लगेच न्यायला येतील, आणि "मी येत नाही" असं मला म्हणवणार नाही.

तुझीच,
वल्लरी