आखनची एक रात्र

रवि. १ फेब्रु.
शटडाऊनच्या तारखा आल्या. शनिवार १६ मे ते रविवार २४ मे. ह्यांची चाकणच्या कारखान्यातली लाइन नऊ दिवस बंद. पुढच्या वर्षी नवीन मॉडेल सुरू होणार, म्हणजे तेव्हा सुट्टीचं नाव काढायचं नाही. जेवताना हे स्वतःहून म्हणाले, "या वेळी युरोप करून टाकू." करून टाकू! जसं काही दळण आणून टाकायचं आहे. मनूने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.
निखिलला मी तीन वर्षं पाहिलेलं नाही. फोनवर दिसतो, पण पोराच्या पाठीवरून हात फिरला नाही तर ते पाहणं कसलं.

मंगळ. ३ फेब्रु.
निखिलने गेल्या वर्षी नोकरी बदलली, आता तो आखन नावाच्या गावात असतो. ह्यांना फक्त 'जर्मनी' एवढंच ठाऊक. कधी विचारलं नाही, आणि त्यांच्यापुढे निखिलचं नाव काढायचं नाही हा आमच्या घरचा नियम. मनूने युक्ती काढलीय. आखन प्लॅनमध्ये घालायचं, पण बघण्यासारखं गाव म्हणून. जुनं चर्च आहे, गरम पाण्याचे झरे आहेत. "आई, तुझ्या गुडघ्याला बरं, असं सांगू बाबांना."
मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला काठावर पास होते आणि खोटं मात्र डिस्टिंक्शनचं बोलते. मी तिला रागावले नाही.

शनि. ७ फेब्रु.
फ्रिजवर तक्ता लागला. हातात रात्री सात. पॅरिस ३, आखन १, ल्युसर्न २, रोम १. प्रत्येक दिवसाचे चार रंग : प्रवास हिरवा, बघणं निळं, जेवण पिवळं, वाया जाणारा वेळ लाल. नाश्त्याला पंचवीस मिनिटं. अंघोळीचे नंबरसुद्धा ठरले, माझा शेवटचा.
दूध काढायला जाते आणि 'आखन १' वाचून येते. आज सहा वेळा दूध काढलं.

सोम. ९ फेब्रु.
शाळेतून निखिलला फोन केला. नववीचे पेपर तपासायचे सोडून स्टाफरूमच्या मागे उभी. सांगितलं. त्याने पहिलं विचारलं, "बाबांना माहितीये का?" म्हटलं, कळेल हळूहळू. "आई, असं चोरून नको गं. त्यांनी एकदा ये म्हणावं, मी दुसऱ्या दिवशी पुनावळ्याच्या घरी असतो."
बापाचीच हाडं. मध्ये मी मेले तरी दोघं एकमेकांना पहिला शब्द बोलायचे नाहीत.

रवि. १५ फेब्रु.
आज हे तासभर आबांच्या फोटोसमोर बसून होते. मला सगळं परत आठवलं.
आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, दहावा आळंदीला. पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. अकरा वाजले, बारा वाजले. लोक म्हणायला लागले, जीव नातवात अडकलाय. हे हात जोडून पुढे झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, निखिलला तेराव्याच्या आत आणतो." कावळा आला. घाटावरूनच ह्यांनी निखिलला फोन लावला. त्याच्या तिथल्या परवान्याचं नूतनीकरण अडकलेलं, त्या कागदाशिवाय देश सोडला तर परत घेणार नाहीत, नोकरी जाईल. त्याने तीनदा समजावून सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "मेलेल्या बापाशी खोटं बोललो मी, तुझ्या एका कागदासाठी. आता घरात पाऊल टाकू नकोस."
दोघांचंही मला पटतं, आणि म्हणून मला कोणाशी भांडतासुद्धा येत नाही.

गुरु. २६ फेब्रु.
गुरुवार, कंपनीला सुट्टी. तर घरात ट्रायल. आखनहून ल्युसर्नला जाताना कोलोनला गाडी बदलायची, मध्ये बारा मिनिटं. हे म्हणाले, करून बघू. बॅगा खऱ्याखुऱ्या भरल्या, लिफ्ट घ्यायची नाही, पार्किंगपासून चौथा मजला आणि परत खाली. स्वतः स्टॉपवॉच घेऊन उभे. सोसायटीतले लोक हसत होते. वॉचमन म्हणाला, "साहेब, घर सोडताय का?"
मनू साडेसात मिनिटं. मी साडेपंधरा. तिसऱ्या मजल्यावर गुडघा धरून बसावं लागलं.

शुक्र. २७ फेब्रु.
आखनवर लाल रेघ. पॅरिसहून झुरिकला सरळ गाडी आहे, तिथून ल्युसर्न तासाभरावर, बारा मिनिटांत धावायची भानगड नाही. वाचलेली रात्र रोमला. मी म्हटलं, अहो, पण झरे? "गरम पाण्याचे झरे वज्रेश्वरीला आहेत. दिवाळीत जाऊ." चर्च? "पॅरिसला चर्च कमी आहेत का?" त्यांच्या हिशेबाने बरोबरच होतं सगळं. जे बरोबर नव्हतं ते मला बोलता येत नव्हतं.
माझ्याच गुडघ्याने माझं पोर नेलं. मोरीत नळ सोडून रडले.

बुध. ४ मार्च
शाळेतून आल्यावर जिना. बॅगेत गणिताच्या जुन्या वह्या. १४.५०.

बुध. ११ मार्च
१३.२०. गुडघ्याला पट्टा. मनू म्हणते, बास कर. हिला काय कळतंय.

गुरु. १९ मार्च
पाडवा. गुढी उतरवायच्या आधी ११.४०! ह्यांना सांगितलं, परत ट्रायल घ्या, बारा मिनिटांच्या आत येते मी. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "अगं, प्लॅन फ्रीझ झाला. बुकिंग झालं, फॉर्म भरले. आता बदल केला की सगळी साखळी हलते." मग जरा मऊ आवाजात, "एवढं काय आहे त्या गावात?"
तोंडाशी आलं होतं. घाबरले. सणाचा दिवस आणि मनूने श्रीखंड वाढलं होतं. काही नाही म्हटलं.

गुरु. २६ मार्च
सकाळी व्हिसा सेंटर. काचेपलीकडची मुलगी मनूहून चारेक वर्षांनी मोठी. ह्यांची फाइल बघून खूश झाली, प्रत्येक कागदाला रंगीत चिठ्ठी. हे फुलले. मग तिने सहज विचारलं, "तिकडे जवळचं कोणी राहतं?"
हे म्हणाले, "नाही."
अडखळलेसुद्धा नाहीत. मनूने मान खाली घातली. काचेपलीकडच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त मान हलवायची होती. अठ्ठावीस वर्षं हलवतेय, एकदा आणखी हलवली असती तर सोळा मेला विमानात बसलो असतो. पण 'नाही' हा शब्द माझ्या पोराबद्दल होता. मी म्हणाले, "मुलगा आहे. आखनला असतो, जर्मनीत."
ती गोंधळली. "सर, मग फॉर्ममध्ये का नाही?" तिने समजुतीने सांगितलं, एका घरातली माणसं वेगवेगळं सांगतात असं दिसलं तर तिघांचे अर्ज नाकारतील. फॉर्म नवे भरा, त्याचं पत्र आणि परवान्याची प्रत लावा, नवी तारीख घ्या. हे म्हणाले, "मॅडम, आमचा शटडाऊन हलत नाही. सोळा तारखेला निघावंच लागतंय." "सर, मी काय करू? कागद पुरा नाही."
"कागद," हे म्हणाले. तिला नव्हे.
परत येताना ह्यांनी गाडी वाकडपर्यंत आणली. मग, "आखन." नंतर पुनावळ्याच्या पुलाखाली, "म्हणे झरे."

शनि. २८ मार्च
नवी तारीख शुक्रवार २४ एप्रिलची मिळाली, तीही मनूने दोन दिवस मोबाइलला चिकटून मिळवली. त्यानंतर निघायला तीन आठवडे, मध्ये सुट्ट्या. व्हिसा वेळेत येईल का, कोणी सांगत नाही. ह्यांनी तक्ता काढून घेतला. फ्रिजवर चिकटपट्टीचे चार डाग.

शुक्र. ३ एप्रिल
बोलत नाहीत. 'मीठ', 'चावी', 'उशीर होईल'. मी म्हटलं, रागवा तरी. म्हणाले, "रागावलो नाही." हे त्याहून वाईट.

गुरु. ९ एप्रिल
निखिलचं पत्र आणि परवान्याची प्रत मेलवर आली. मनूने प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. 'मी माझ्या आई, वडील व बहिणीला माझ्याकडे राहण्यासाठी निमंत्रित करत आहे.' सरकारी इंग्रजीतलं ठरावीक वाक्य. मी ते दहा वेळा वाचलं. ह्यांनी त्यावर पेपर ठेवला आणि पेपर वाचला.

मंगळ. १४ एप्रिल
मनू रडली. "तुम्ही दोघं नाही गेलात तर मी एकटी जाईन दादाकडे." मी म्हटलं, जा. खरंच जा. निदान एक जण तरी त्याच्या घरी जेवेल.
मला स्वतःचाच राग येतो. गप्प बसले असते तर निदान युरोपात तरी पोचले असते, त्याच्यापासून काही तासांवर. मग वाटतं, काही तासांवर जाऊन न भेटता परत आले असते तर जगले असते का.

शनि. १८ एप्रिल
पत्र टेबलावर नाही. मनूने उचललं नाही, मी नाही. विचारायची हिंमत नाही. रद्दीत पाहिलं, तिथे नव्हतं. कपाटं पाहिली नाहीत.

बुध. २२ एप्रिल
शुक्रवारची रजा टाकली का, एवढंच विचारलं. "बघू." अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी शुक्रवारी रजा घेतलेली मला आठवत नाही. आमच्या लग्नातसुद्धा गुरुवारचा मुहूर्त शोधला होता.
निखिलला सांगितलं, धरून चालू नकोस. "मी धरलंच नव्हतं, आई." पण चादरी नव्या आणल्यात, हे मनूकडून कळलं.

गुरु. २३ एप्रिल
दुपारी हे टेबलाशी नवे फॉर्म घेऊन बसले. निखिलचं पत्र त्यांच्या कंपनीच्या बॅगेतून निघालं, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घातलेलं. उद्याची रजा मंजूर आहे म्हणाले, साडेसातला निघायचं. मी पोळ्या टाकत होते, तशीच आत-बाहेर करत राहिले.
"आखनची रात्र घालता येणार नाही," मान वर न करता म्हणाले. "रोमचं बुकिंग परत होत नाही. आणि मी काही ठरवलेलं नाही. खोटं लिहायचं नाही, एवढंच."
बरं म्हटलं.
"पत्ता सांग. पत्रातला नीट छापला गेला नाहीये."
मला पाठ आहे. गल्ली, घर नंबर, पिन. सांगत गेले, ते कॅपिटलमध्ये लिहीत गेले. फोन नंबर विचारला. नोकरी काय ते विचारलं. तेही लिहिलं. पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.
"एकटाच राहतो?"
हो म्हटलं.
ते मात्र त्यांनी लिहिलं नाही. मग हात धुवायला उठले तेव्हा मी दोन्ही पानं चाळली. एकटा राहतो का, असा रकाना त्यात कुठेच नाही.