उत्तरांची अकरा पानं

रविवार, ९ जून

चि. भुंग्या,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर वेळी लिहायला हवेत असं नाही. आम्ही सगळे ठीक. तू वेळेवर जेवतोस ना? हा प्रश्न सगळ्यात आधी लिही असं आईने बजावलंय, म्हणून लिहिला. ती समोर बसून लसूण सोलतेय आणि मी काय लिहितेय ते उलट्या बाजूने वाचायला बघतेय. तिला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही, म्हणून मी निर्धास्त आहे.

बाबांचा गुडघा जैसे थे. काठी घ्या म्हटलं तर राग येतो, म्हणून छत्री टेकत फिरतात. ऊन नाही, पाऊस नाही, पण छत्री हवीच. विचारलं तर म्हणतात, "हवेचा काही भरवसा नाही." परवा घरातल्या घरात, न्हाणीघरापर्यंत छत्री घेऊन गेले. आई म्हणाली, "आत पाऊस पडतोय का?" तर दोन दिवस अबोला. आता बोलतात.

आमच्या चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा नवा तक्ता आलाय, मागून दिवा लागणारा. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला बटण दाबून दाखवतात. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ डोळे तपासायला आले आणि शेवटची ओळ घडाघडा म्हणून मोकळे झाले. मला शंका आली. ओळ बदलली तर एक अक्षर येईना. आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून पाठ केली होती त्यांनी! मी म्हटलं, "काका, ही परीक्षा नाही. दिसतं तेवढंच सांगा, नाहीतर मी चुकीचा चष्मा देईन आणि तुम्ही जिन्यावरून पडाल." ते म्हणाले, "नापास व्हायला कोणाला आवडतं हो, बाई?" सगळे हसले. मीही हसले. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

आई आत गेली. आता लिहिते.

पाकीट जाड लागलं असेल तुला. आतलं काही बाहेर काढू नकोस अजून. आधी हे वाच. नमनाला घडाभर तेल झालं हे मला कळतंय, पण तुझ्याशी फोनवर बोलायला गेलं की मागे गोदामातला तो पार्सलांचा पट्टा खडखडत असतो आणि तू म्हणतोस, "ताई, पटकन बोल." हे पटकन बोलण्यासारखं नाही.

बुधवारी तू आईला सांगितलंस की यंदा त्या सरकारी भरतीच्या परीक्षेचा फॉर्म भरणार नाही. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी, ती गेली तर जाऊ दे, म्हणालास. डॉक्टरांनी परीक्षेच्या भीतीवर गोळ्या दिल्यात, त्या घेऊन गोदामात झोप येते, हेही सांगितलंस. आणि म्हणालास, "आई, घरी मला ब्याऐंशी पडायचे. तिथे बसलो की चव्वेचाळीस. माझ्या डोक्यातच काहीतरी खोट आहे." आईने फोन ठेवला आणि मला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी ताटावरून उठले.

भुंग्या, तुझ्या डोक्यात खोट नाही. तुला घरी ब्याऐंशी कधीच पडले नव्हते.

आता लिहिलंय तर सगळं लिहिते. तू इंग्रजीच्या सराव संचांचं ते जाडजूड पुस्तक आणलंस तो दिवस आठव. शेवटची उत्तरांची अकरा पानं तू स्वतः ब्लेडने कापलीस आणि माझ्या हातात दिलीस. "ही तुझ्याकडे ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही, तुझ्यावर आहे." मी ती शिवणयंत्राच्या खणात ठेवली. मग आपलं ठरलं. दुकान सुटून मी घरी आले की सात ते आठ. चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यांचे तुकडे करून आपण शब्दांची कार्डं केली, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. स्वयंपाकघरात दोरी बांधून त्यावर चिमट्यांनी लावायचो. रोज वीस. आई म्हणायची, "माझ्या घरात आता फडकी कमी आणि इंग्रजी जास्त वाळतंय." तू गुणगुणत पाठ करायचास. पहिलीपासून तुझी तीच सवय, म्हणून तर भुंग्या.

पहिला पेपर तपासला तेव्हा अडतीस होते, शंभरात. इंग्रजीत पन्नासच्या खाली गेलं की त्या परीक्षेत बाकीचे पेपर बघतसुद्धा नाहीत, हे मला माहीत होतं. बाबा जेवायला बसले होते. दवाखान्यातल्या क्ष-किरण विभागात मदतनिसाची जागा त्यांनी ओळखीने तुझ्यासाठी धरून ठेवली होती आणि तुझ्या परीक्षेचं त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "किती पडले?" तू माझ्याकडे बघितलंस. तुझा चेहरा असा होता की माझ्या तोंडून त्रेसष्ट गेलं. आत जाऊन मी कागदावर त्रेसष्टच्या हिशेबाने बरोबरच्या खुणा केल्या.

वाटलं, एवढ्यापुरतं. महिन्याभरात तो खरोखर तिथे पोचेल, मग कोणाला कळणार आहे? पण त्रेसष्टनंतर चाळीस कसे देऊ? म्हणून पासष्ट, मग सत्तर. तू खूश व्हायचास, दुसऱ्या दिवशी दुप्पट गुणगुणायचास. मी म्हणायचे, पोरगा उमेदीवर आहे, उमेद तुटू नये. तुझ्यासाठीच केलं मी.

आईने हाक मारली. बाकीचं उद्या.

सोमवार, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

कालचं शेवटचं वाक्य आज पुन्हा वाचलं. "तुझ्यासाठीच केलं मी." ते खोडणार होते. राहू दे. खोडलं तर तुला कळणार नाही की मी कालपर्यंत स्वतःला हेच सांगत होते.

मी सासरहून परत आले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. या घरात मला कोणी वाईट वागवलं नाही, खोटं का बोलू? पण कोणी काही विचारलंही नाही. पडद्याचा रंगसुद्धा. आणि तुझे पेपर सुरू झाल्यापासून रोज आठच्या ठोक्याला बाबा बातम्यांचा आवाज कमी करायचे आणि माझ्याकडे वळून विचारायचे, "काय गं, आज किती?" सगळं घर माझ्या तोंडाकडे बघायचं. मी मुद्दाम जरा थांबायचे. मग आकडा सांगायचे. बाबा एकदा पाहुण्यांना म्हणाले, "याला आमच्या ताईने तयार केलंय." ते ऐकायला मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंच. प्रत्येक कागदाच्या तळाशी "तपासले, ताई" लिहून खाली दोन रेघा मारायचे. शाळेच्या बाई मारतात तशा.

दवाखान्यातून बोलावणं आलं तेव्हा तू बाबांना उत्तर देण्याआधी मागच्या जिन्यावर आलास. मी कपडे वाळत घालत होते. तू म्हणालास, "ताई, तू सांग. होईल ना?" मी हातातला टॉवेल झटकला आणि म्हटलं, "होईल." तू आत जाऊन नकार दिलास. ती जागा दुसऱ्याला गेली. त्या आठवड्यात तुला खरे बेचाळीस पडले होते.

समोरचे मास्तर आठवतात ना? चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, कोणालाही फुकट शिकवणारे. ते आपणहून आले होते, तू घरी नसताना. म्हणाले, "तुझ्या भावाचे एक-दोन पेपर दाखव बघू मला." मी म्हटलं, "त्याला ऐंशीच्या वर पडतात, मास्तर. कशाला त्रास घेता?" ते म्हणाले, "मग शाबास," आणि गेले. पुन्हा एकदा आले. पुन्हा मी तेच सांगितलं. तुला यातलं काही माहीत नाही. तो एक तास त्यांच्याकडे गेला असता, तर मला कोण विचारणार होतं?

अजून आहे.

तुझे बासष्ट पेपर मी जपून ठेवले होते. बुधवारपासून ते पुन्हा तपासले. सुट्टीत इथे, घरी दार लावून. एकसष्ट झाले. सगळ्यात कमी एकतीस, सगळ्यात जास्त अठ्ठेचाळीस. पण आकड्यांचं सोड. तू विचारायचास, "कुठे चुकलं?" आणि मी पंधरा-वीस चुका दाखवायचे. उरलेल्या चुकांवर बरोबरची खूण असायची. त्या खुणा मोजल्या. दोन हजार एकेचाळीस. प्रत्येक खूण बघून तू मनात म्हणाला असशील, हे आलं आपल्याला. आणि तेच घोकलंस. पहिल्या परीक्षेतून बाहेर पडून तू फाटकातूनच ओरडलास, "ताई, सोपा होता!" तुला सोपाच गेला, रे. तू तिथे काहीच विसरला नव्हतास. मी बरोबर ठरवलेलं तुला सगळं आठवलं. विश्वासाने मान पुढे करणाऱ्याचा केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

निकाल लागला, चव्वेचाळीस. तू कागद हातात धरून बसला होतास. तेव्हा सांगायला हवं होतं. तू म्हणालास, "असं कसं झालं, ताई?" आणि मी काय म्हटलं ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. मी म्हटलं, "हॉलमध्ये घाबरला असशील. होतं असं काहींचं."

तुझी ती भीती तुझी नाहीच, भुंग्या. ती त्या दिवशी मी तुला दिली. त्याआधी तू कधी कशाला घाबरला नव्हतास. दुसऱ्या वेळी तू उत्तरपत्रिकेतला प्रत्येक गोल तीन-तीनदा तपासत बसलास, वेळ पुरला नाही. आणि तरी सेहेचाळीस आणलेस. मग ते शहर, ते गोदाम, त्या गोळ्या.

गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बंद कर, आपल्या मनाने नको. पण त्यांना हे सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग.

शनिवारी मी पेपर घेऊन मास्तरांकडे गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "बस" असं ते म्हणाले नाहीत. मग चष्मा पुसून दहा-बारा पेपर वाचले आणि म्हणाले, "पोरगा मठ्ठ नाही. त्याला त्याची चूक कोणी दाखवलीच नाही. त्याच त्या सात-आठ गोष्टी चुकतोय. पाठव त्याला. येत नसेल तर कागद पाठव, मी टपालाने तपासतो. पण मीच तपासणार, तू नाहीस." मी हो म्हटलं. परीक्षेला पाच महिने आहेत. फॉर्मची शेवटची तारीख चोवीस.

काल संध्याकाळी जेवताना आई-बाबांनाही सांगितलं. आई रडली. सकाळी बघितलं तर छत्री दारामागे टांगलेली आणि बाबा भिंतीला धरून चालत होते. मी हात दिला तर घेतला नाही.

फॉर्म भर असं मी सांगणार नाही. तू मागच्या जिन्यावर विचारलंस तेव्हा एकदा सांगून बसले. तू ठरव. नाही भरलास तरी चालेल, पण डोक्यात खोट आहे म्हणून नको. खोट होती ती माझ्या हातात. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. मी फोन करणार नाही. आईला मात्र कर, आणि मास्तरांचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय.

आता पाकिटातलं बाहेर काढ. एकसष्ट पेपर, नव्या लाल खुणांसकट. खाली खरे गुण आहेत. जुनी "तपासले, ताई" खोडली आहे, पण वाचता येईल अशी.

बासष्टावा पेपर मी तपासलेला नाही. त्यावरच्या माझ्या पेन्सिलच्या सगळ्या खुणा रबराने घासून काढल्या. कागद जरा झिजलाय, पण तुझी पेनाची उत्तरं तशीच आहेत. सोबत ती उत्तरांची अकरा पानं, तू ब्लेडने कापलेली. दुकानातली टाचणी लावली आहे. ती ज्याची त्याच्याकडे असू देत.

तो एक पेपर तूच तपास. आणि खाली सही तुझी कर.

ताई