टायरचा कौल

आबा, तुमच्या मोटारसायकलचे दोन्ही टायर मी काल बदलले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मधेच "थांब गो, जरा इचार कर" म्हणायला नको. विचार करून झाला. पावसाळा तोंडावर आलाय, तुमची नात सोमवारपासून कुडाळच्या दवाखान्यात नर्स म्हणून जायला लागणार आणि तिला जाण्यायेण्याला तुमचीच गाडी हवी आहे. स्कूटर घेऊन देते म्हटलं, तर म्हणाली, "आजोबांची गाडी पडवीत उभी आसताना माका ता खेळणा कित्याक?" हा हट्ट कोणाकडून आलाय ते मी तुम्हाला सांगायला नको.

पण गाडी तिच्या हातात द्यायची म्हणजे टायरचं काय करायचं, यावर आमच्या घरात बरेच दिवस खल चालला होता. कारण हे टायर तुम्ही घातलेले. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी कुडाळहून आणून, घरापुढच्या खळ्यात फतकल मारून, स्वतःच्या हातांनी. नात तेव्हा एवढीशी, टाकीवर बसून हॉर्न वाजवत होती आणि तुम्ही तिला "वाजय, वाजय, सगळो गाव जागो कर" म्हणत होतात. तुमच्यामागे गाडी आयेच्या जुन्या लुगड्याखाली झाकून राहिली. आमचे हे कधीतरी ती चालू करून शेजारच्या कट्टा गावच्या बाजारापर्यंत नेऊन आणायचे, तेवढंच तिचं चालणं. त्यामुळे टायरची नक्षी अगदी नव्यासारखी. गॅरेजवाल्याने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ताई, काय भारी टायर आसत! अजून दोन पावस सहज काढतले." ह्यांचं म्हणणं, चतुर्थी होऊ दे, मग बघू. आपल्याकडे काय चतुर्थीनंतर होत नाही? घराचा रंग, दाताची कवळी, मुलीचं लग्न, सगळं चतुर्थीनंतर. पाऊस मात्र कोणाच्या चतुर्थीसाठी थांबत नाही.

मग मी स्वतःच चाकाजवळ पाट घेऊन बसले. तुम्ही दर मिरगाच्या आधी बसायचात तशी. टायरमध्ये नख रुतवून बघितलं, रुतलं नाही. रबर चपलेच्या जुन्या सोलासारखं कडक झालेलं. टायरच्या कुशीला, बाजूच्या रबराला, अंगठ्याने दाबून वाकवलं तेव्हा बारीक बारीक भेगा उघडल्या, नक्षीच्या खोबणीतसुद्धा. वरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. तिथेच छापलेले चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी टायर बनला ते सांगणारे, ते मी ओल्या फडक्याने पुसून वाचले.  टायर झिजला नव्हता, पण म्हातारा झाला होता. घरात नर्स असून ही तपासणी मला करावी लागली, पण ते असो.

हे बघायला तुम्ही कुठे शिकलात ते मला माहीत आहे. मी तेव्हा चौथीत. श्रावण चालू आहे, बाहेर पागोळ्या गळतायत आणि तुम्ही ओलेत्यानेच देवळातून खूश होऊन परत येताय. तुमचा कौलाचा नाद गावभर प्रसिद्ध. विहीर कुठे खणायची, गाईची पाडी कोणाकडून घ्यायची, मला कट्ट्याच्या शाळेत घालायचं की मालवणला मामाकडे ठेवायचं, सगळं देवाला विचारून. देवाच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवणार, गाऱ्हाणं घालणार आणि उजवी पडली की तुम्ही निर्धास्त. त्या दिवशी तुम्ही टायर दसऱ्यापर्यंत चालतील का, असं विचारून आला होतात. आये चुलीपुढून म्हणाली, "टायर माज्या कपाळासारखो गुळगुळीत झालो हा, देवाक त्रास कित्याक दितास?" तुम्ही म्हणालात, "उजवो कौल दिल्यान हा. आता तू बोला नको."

त्याच आठवड्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या उतारावर गाडीचं मागचं चाक निसटलं. तुम्हाला खरचटण्यावर भागलं. मागे बसलेल्या आयेचा उजवा हात कोपरात मोडला. तुम्हा दोघांना कोणाच्या तरी टेम्पोतून उतरताना मी खळ्यातून बघितलं. आयेचा चेहरा पांढराफटक, हाताला कोणाचा तरी पंचा गुंडाळून बांधलेला. मी किंचाळले, "देव खोटो! तुमचो देव खोटो!" मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही मारलं नाहीत. पायरीवर बसलात, मला समोर उभं केलंत आणि जे बोललात ते आजही कानात आहे.

"देवाक नाव ठेवू नको. टायर गेलो हा ता माका दिसत हुता. दिसत हुता म्हणानच मी देवाक इचारूक गेलंय. तो हो म्हणात, म्हणजे माका काय करूक नको, आणि काय झाला तर ता तेच्यार." मग म्हणालात, "जा डोळ्यांक दिसता, ता देवाक इचारूचा नाय. आयकलंस?"

आयेचा हात पुढे कधी सरळ झाला नाही. विहिरीवर कळशी ओढताना ती डावा हात पुढे घ्यायची आणि तुम्ही बघत असलात की मुद्दाम जोरात ओढायची. तुम्ही कौल सोडला नाहीत, पण गाडीच्या बाबतीत देवाकडे पुन्हा गेला नाहीत. दर मिरगाआधी पाट घेऊन बसायचात, नख रुतवायचात, कुशी वाकवायचात. चांगला दिसणारा टायर काढून फेकलात म्हणून लोक हसले, तर म्हणायचात, "हसा, हसा. बायल माजी पडली, तुमची नाय." मला तुमच्या त्या एका वाक्याचा फार अभिमान वाटायचा.

म्हणून गॅरेजवाल्याला मी सांगितलं, नक्षी राहू दे बाजूला, दोन्ही काढ. ट्यूबही नव्या घाल. तो कुरकुरला, "बरे टायर फुकट घालवतास." मी म्हटलं, फुकट नाही, त्यांचं काम झालं. माझी मुलगी त्याच उतारावरून जाणार आहे आणि एखाद दिवशी मागे कोणाला तरी घेऊन जाणार आहे. तुमची आठवण तिने अंगावर घालून हिंडावी, पण तुमच्या आठवणीवरून घसरून पडू नये. जुने टायर मी टाकले नाहीत. एक विहिरीच्या कठड्याला लावलाय, कळशी आपटू नये म्हणून. दुसऱ्याचं काय करायचं ते चतुर्थीनंतर बघू.

हे पत्र कुठे जाणार नाही हे मला कळतं. ते मी गाडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवणार आहे, आणि नात ते कधी वाचेल असं वाटत नाही, ती इन्शुरन्सचे कागदसुद्धा वाचत नाही. म्हणून एक गोष्ट इथे लिहून टाकते. काल सकाळी, गॅरेजात जायच्या आधी, मी नारळ घेऊन देवळात गेले होते. तुमच्या वेळच्या गुरवाचा मुलगा आता गुरव आहे, त्याचेही केस पिकले. "काय इचारू?" म्हणाला. मी म्हटलं, "आबांनी घातलेले टायर बदलू काय, ता इचार." तो हसला नाही. पाकळ्या लावल्या, "बा देवा म्हाराजा" म्हणून नीट गाऱ्हाणं घातलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. डावी पडली.

"बाय, देव नको म्हणता."

"बरा."

"मगे आता काय करतलंस?"

"बदलतलंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मगे इचारूक कित्याक इलंस?"

मी देवाला हात जोडले, चुकलं असेल तर पदरात घे म्हटलं आणि गॅरेजात गेले. आबा, डोळ्यांना सगळं दिसत होतं. पण तुमच्या हातचं काहीतरी काढताना कोणाला तरी विचारावं असं वाटलं, आणि विचारण्यासारखं मोठं माणूस आता घरात राहिलेलं नाही. सगळे मलाच विचारतात.