नागसेन मेत्री यांच्या मुक्या संगणकाबाबत

प्रति,
मा. मुख्य संगणक अधिकारी,
तळेकाठ सॉफ्टवेअर सहकारी संस्था,
उणकल, हुबळी.

विषय : कंटेनरवाली लिनक्स प्रणाली अर्जदाराच्या टेबलावरून हटवण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्या तक्रारीवरील आपला 'निकाली' हा शेरा.

महोदय,

१. अर्जदार नागसेन बाळाप्पा मेत्री, राहणार केलगेरी, धारवाड, हा संस्थेत मराठी वाचनालयांसाठी प्रोग्राम लिहितो आणि जन्मापासून अंध आहे. पडद्यावरचा मजकूर एक वाचक प्रोग्राम त्याला बोलून दाखवत असे, मराठी मराठीत आणि कन्नड कन्नडमध्ये. दिवाळीनंतर आपण सर्व टेबलांवर नवी प्रणाली बसवली. तिचा पाया कुलूपबंद; वर जे बसवायचे ते बंद खोक्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये. त्या पायात वाचक प्रोग्रामला लागणारे मराठी-कन्नड आवाज नव्हते, म्हणून त्या दिवसापासून अर्जदाराच्या संगणकाची वाचा गेली.

२. कंटेनरशी अर्जदाराचे वैर नाही. सर्व्हरवर तो स्वतः तेच वापरतो, आणि तिथे ते गुणाचे आहेत, कारण सर्व्हरपुढे माणूस बसत नाही. टेबलापुढे बसतो. नव्या प्रणालीच्या कौतुकात ही क्षुल्लक बाब आपल्या नजरेतून सुटली असावी.

३. तक्रारीनंतर आपले तज्ज्ञ आले. पाया उघडायला मनाई, म्हणून त्यांनी मराठी-कन्नड आवाज एका कंटेनरमध्ये बसवले. वाचक प्रोग्राम मात्र बाहेर, पायावर. त्याला आतले आवाज सापडत नाहीत. पाहुण्याला जेवायला बोलावून ताट शेजाऱ्याच्या घरात मांडावे, तसा हा पाहुणचार. 'आवाज बसलेले आहेत' अशी नोंद करून तज्ज्ञ चहाला गेले. अर्जदाराने पुन्हा कळवले, तर आपण पुराव्यादाखल स्क्रीनशॉट मागितला. न येणाऱ्या आवाजाचे चित्र अंध माणसाने काढून पाठवावे, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला अर्जदाराचा साष्टांग नमस्कार.

४. आवाज पायावर बसवणे हे चहा निवायच्या आत होणारे काम आहे. परंतु सर्व टेबलांचा पाया एकसारखा राहिला पाहिजे, असे आपण कळवता. उंटावरून शेळ्या हाकताना सगळ्या शेळ्या सारख्याच दिसतात.

५. आता 'काम थंडावले' या कारणाने अर्जदाराची बदली झाल्याचे शेजारच्या टेबलावरील पद्माअक्कांनी सांगितले : "नागसेन, तुला टेलिफोनवर बसवालेत बघ." अंध माणूस दिसला की टेलिफोन पुढे करायचा, ही रीत जुनी आहे. तोच टेलिफोन चुकवण्यासाठी अर्जदाराने अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याला या प्रकाराचा संताप आला आहे, आणि तो लपवावा असे वाटत नाही.

६. तरी आवाज पायावर बसवावेत अथवा जुनी प्रणाली परत द्यावी, ही विनंती. बदलीचा आदेश आपण अर्जदाराच्या कार्यालयातील संगणकावर पाठवल्याचे कळते. तो संगणक आदेश वाचून दाखवत नाही. ज्या दिवशी दाखवेल, त्या दिवशी बदलीला कारणच उरणार नाही. तोवर अर्जदारास आदेश मिळालेला नाही, आणि तो आपल्याच खुर्चीवर बसून आहे.

आपला नम्र आणि अद्याप प्रोग्रामर,
नागसेन बाळाप्पा मेत्री
दि. ९ डिसेंबर २०२४