बाबा मोठे की उकंडाकाका

३ डिसेंबर, बुधवार
शाळेतून येताना रफिकभाईच्या टपरीवर परत तोच वाद. व्यायामशाळेची भिंत नव्यानं रंगवलीय, तिच्यावर उमरखेडच्या सगळ्यात मोठ्या बॉक्सरचं चित्र काढायचं असं कमिटीनं ठरवलंय. चित्र एकच. म्हणजे माझे बाबा की उकंडाकाका. मी फ्रॉकात होते तेव्हापासून हे गाव या एका प्रश्नावर चहा पितंय.

"उकंडा हेवीवेट होता. त्याचा एक ठोसा बसला की समोरच्याले आपलं गाव आठवे."
"वजनाच्या मानानं पाह्य ना बाप्पा! एक्कावन्न किलोचा गौतम, अन् अख्ख्या राज्यात त्याच्या तोंडाले कोणाचा हात लागे नाई."
"मुंगी बी आपल्या वजनापेक्षा जास्त उचलते. म्हणून काय हत्तीपेक्षा मोठी झाली?"
यावर रफिकभाई, गाळणी आपटत : "मंग हत्तीले म्हना, मुंगीसारखा भिंतीवर चढून दाखव."
मी दिसले तसे सगळे माझ्याकडे वळले. मग, "मॅडम, तुमीच सांगा." घरी भाजी टाकायची आहे म्हटलं आणि निघाले.

बाबांना सांगितलं तर "उकंडाचंच काढा म्हना." विषय बंद. काकांना फोन केला. "गौतमचं काढा. माह्यं थोबाड भिंतीवर पाहून लेकरं भितीन."

६ डिसेंबर, शनिवार
सकाळी विहारात. बाबा पांढऱ्या शर्टात, पाठ अजून दोरी लावल्यासारखी सरळ. उकंडाकाका दरवर्षीसारखे बंजारा तांड्यावरून आले. त्यांच्याकडे हे नसतं, पण बाबांसाठी येतात, मागे उभे राहतात. मेणबत्ती लावताना हात थरथरायला लागला. बाबांनी त्यांचं मनगट धरलं, दोघांनी मिळून लावली. मी दुसरीकडे पाहिलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मागे म्हटलं होतं, हे थरथरणं डोक्यावर खाल्लेल्या माराचं असू शकतं. "असू शकतं" म्हणाले. "आहे" नाही म्हणाले. पण उजव्या कानानं काकांना ऐकू येत नाहीच.

संध्याकाळी माझी लेक प्राची कॉलेजातून आली ती तोंड पाडून. जानेवारीतल्या बॉक्सिंगच्या निवड चाचणीत अठ्ठेचाळीस किलोचा गट यंदा नाही. एक्कावन्नमध्ये उतरा, नाहीतर घरी बसा. एक्कावन्न म्हणजे तिच्या आजोबांचा गट.
मी म्हटलं, तीन किलो तर आहेत.
बाबा हसले. "बाई, तीन किलो पिशवीतले अलग अन् मुठीतले अलग."

१० डिसेंबर, बुधवार
व्यायामशाळेत दोघं म्हातारे हजर. नीलेश सर (प्राचीचे कोच, पोरगेलेच आहेत) मोबाइलवर अकोल्याच्या मुलीची लढत दाखवत होते. मागच्या वर्षीची एक्कावन्नची विजेती. उंच. हात असे लांब की दारामागून कडी काढेल.
बाबांचं मत : उतर. जिथं वजन पोचते तिथं तू असूच नोको, झालं.
उ. काकांचं मत : उतरू नोको, छोरी. "वजन खोटं नाई बोलत. बाकी सगळे बोलतेत."
नीलेश सर जरा चाचरत म्हणाले, खरं सांगू का, तेव्हाचे बॉक्सर आजच्या पोरींसमोर टिकले नसते. खाणं वेगळं, सराव वेगळा, समोरच्याचा व्हिडिओ शंभरदा पाहता येतो.
मला राग आला. बाबांना नाही. ते मोबाइल नाकाजवळ धरून परत परत तेच पाहत होते. "पाह्य उकंडा. डावा पाय मांगं होता, आता समोर आला. मारता मारता पाय बदलते पोट्टी! आपल्याले हे कोणी शिकवलंच नाई." काका वाकून पाहत होते. दोघांच्या चेहऱ्यावर जत्रेत उभ्या लेकरांचा आनंद.
"पहिल्याच राउंडात झोपलो असतो मी," बाबा म्हणाले. एवढ्या कौतुकानं की सरांनाच अवघडल्यासारखं झालं.

१४ डिसेंबर, रविवार
आज जे ऐकलं ते लिहून ठेवते.

जेवायला उ. काका होते. प्राचीनं सरळ विचारलं, "तुम्ही दोघं कधी खेळलेच नाही का एकमेकांशी?"
बाबा भाकरी मोडत राहिले. काका म्हणाले, "खेळलो ना. एकदा."
मी या घरात वाढले आणि मला माहीत नाही!

कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत. पहाटे, कोणी नसताना. दोघंही विशीतले. गावाच्या वादाला कंटाळले होते म्हणे, एकदाचं पाहून घेऊ.
काका : "हा माशीवानी. मी मारो तिथं हा नसे. माह्यं तोंड यानं चाळणी करून टाकलं. मी वाऱ्याले मारून मारून दमलो."
प्रा. : "मग?"
बाबा : "मंग एक लागला."
"कुठं?"
"खांद्यावर. तोंडावर नाई, खांद्यावर. डोळे उघडले त वर आभाळ होतं, अन् हा रडून राह्यला होता. मेलो वाटलं त्याले."
"म्हणजे काका जिंकले."
"कुठचा जिंकलो?" काका एकदम चिडले. "तेवढ्या वेळात यानं मले वीसदा मारलं. रिंगणात असतो त पंचांनी आधीच याचा हात वर केला असता."
"पण उभा कोण होता?" बाबा म्हणाले.
"उभं राह्यनं म्हणजे जिंकणं नाई, गौतम."
दोघं भांडायला लागले, हा म्हणे तू जिंकला, तो म्हणे तू. भात तसाच निवला. प्रा. हसता हसता उठून गेली.
एवढ्या वर्षांत गावाला सांगितलं का नाही, विचारलं. बाबा : "सांगून काय? लोकं अजून जास्त भांडले असते."

२२ डिसेंबर, सोमवार
प्रा. उतरणार. ठरलं. सकाळ-संध्याकाळ सराव. अंडी, भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याचा लाडू. वजन वाढता वाढत नाही. तिचे पप्पा फोनवर म्हणाले, तुझा बाप आहे ना तिथं, मग कायले घाबरतेस. पुण्यात बसून सोपं आहे.

३० डिसेंबर, मंगळवार
कमिटीनं उकंडाकाकांचं नाव नक्की केलं. बाबा खरंच खूश, खोटं नाही. सगळ्यांना सांगत सुटले. टपरीवरची अर्धी माणसं नाराज, रफिकभाईनं आज चहाला साखर कमी घातली. माझं मला कळेना. वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचं वाईट वाटलं.

४ जानेवारी, रविवार
चित्र झालं. पेंटरनं जुन्या फोटोवरून काढलंय, पण हात चांगला आहे त्याचा. मानेची शीर, खाली घेतलेली हनुवटी, ते डोळे. मारायच्या आधीचे डोळे.
बाबा काकांना हात धरून घेऊन आले. काका पुष्कळ वेळ पाहत उभे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मग काका बाबांच्या कानाशी, पण स्वतःला ऐकू येत नसल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं : "लय जब्बर गडी दिसते. कुठचा होय हा?"
कोणी हसलं नाही.
बाबा म्हणाले, "आपल्याकडचाच होय. त्याच्यासारखा झाला नाई परत."
काकांनी मान हलवली. पटलं त्यांना.


५ जानेवारी, सोमवार
झोप नाही. प्रा.ला म्हटलं, नको जाऊस.
"काकांमुळे?"
"हो."
"काका हेवीवेट होते आई. आमच्या मुठीत तेवढं..."
"तुझ्या मुठीचं नाही बोलत मी. तुझ्या डोक्याचं बोलतेय."
बूट घातले, सरावाला गेली. मीच तिचा डबा भरून दिला होता.

१० जानेवारी, शनिवार. यवतमाळ
क्रमानं लिहिते.

पहाटेच्या एसटीनं निघालो. बाबा, काका, मी. प्राची सरांसोबत कालच गेली होती. आज काकांचा दिवस चांगला. सगळं आठवत होतं, कोणत्या वळणावर कोणाची गाडी बंद पडली होती ते सुद्धा.

अकोल्याची मुलगी प्रत्यक्षात अजून उंच. पहिल्या राउंडमध्ये प्रा.ला आत शिरताच येईना. लांबूनच डावा हात, डावा हात. नाकातून रक्त. मी ओढणी तोंडात धरलेली.
दुसऱ्या राउंडमध्ये प्रा. वाकून आत शिरली. बाबांनी माझा गुडघा एवढा दाबला की वळ आहे. तिनं बरगड्यांवर दोन दिले, बाहेर आली, परत शिरली. मी तिला पोळ्या लाटताना पाहिलंय, अभ्यास करताना पाहिलंय. ही कोण होती मला माहीत नाही. सुंदर दिसत होती. मारताना माणूस सुंदर दिसतो हे मी आज लिहितेय, मी, जी शाळेत पोरांना मारामारीसाठी ओरडते.
तिसऱ्यात बरोबरीचं चाललं होतं आणि एक उजवा हात आला, कानामागे. प्रा. खाली बसली. एक गुडघा टेकून. रेफ्री मोजायला लागले. काका उभे राहिले आणि तांड्यावरच्या बोलीत काहीतरी ओरडले, मला फक्त "याडी", म्हणजे आई, एवढंच कळलं. ती उठली. उरलेला वेळ तीच पुढे पुढे जात होती, ती उंच मुलगी मागे मागे.

पाच पंचांपैकी तीन अकोल्याकडे, दोन आमच्याकडे. हरली.
त्या मुलीनं प्रा.ला मिठी मारली आणि म्हणाली, "तू माझ्या वजनाची असतीस तर मी घरी बसले असते."

१६ जानेवारी, शुक्रवार
नीलेश सर घरी आले. यवतमाळला निवड समितीतल्या एका बाईंनी लढत पाहिली होती. मोठ्या शिबिराला राखीव म्हणून प्रा.ला बोलावतायत. पण एक्कावन्नमध्येच. वजन वाढवायचं आणि त्याच गटात राहायचं. नाहीतर पुढे कधी अठ्ठेचाळीस परत सुरू होईल त्याची वाट पाहा.

मला वाटलं, बाबा उडी मारतील. बाबा म्हणाले, "थांब. वाट पाह्य."
प्रा. : "आजोबा! तुम्हीच तर म्हणाले होते..."
"म्हणलो होतो. तेव्हा तुले खाली बसलेलं पाह्यलं नोतं मी."
आणि उकंडाकाका, ज्यांनी उतरू नको म्हणून महिनाभर डोकं खाल्लं, ते म्हणतात : "जाय छोरी. तू उठली ना, ते वजन कोणत्याच काट्यात बसत नाई."
"उकंडा, तुह्या कानाचं काय झालं विसरला का?"
"विसरलो," काका म्हणाले. "लय काही विसरलो. पण रिंगण नाई विसरलो. पोरीले ते कायले नको म्हणतं?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं खरे भांडले असं मला वाटतं. काका चहा न घेता गेले. बाबा फाटकापर्यंत सोडायला गेले मात्र.

१८ जानेवारी, रविवार
दुपारी प्रा.च्या डोक्याला तेल लावत होते. ओसरीवर ऊन. कानामागची सूज पुष्कळ उतरलीय, पण बोटाला अजून लागते. वाटाण्याएवढी. तिथं बोट आलं की ती किंचित आखडते आणि काही झालं नाही असं दाखवते.
"आई."
"हं."
"आजोबा नाही म्हणतात. काका हो म्हणतात. पप्पा म्हणतात आईला विचार."
मी वेणीचे भाग करत राहिले.
"सरांना उद्या सांगायचंय. तू सांग ना."
यवतमाळला दुसऱ्या राउंडमध्ये ती वाकून आत शिरली होती ते डोळ्यासमोर आलं. मग ती गुडघा टेकून बसली होती तेही आलं. दोन्ही एकाच वेळी दिसत होतं.
"वेणी घालून होऊ दे," म्हटलं.
वेणी घातली. सोडली. परत घालायला घेतली. ती मान खाली घालून बसून राहिली, घाई केली नाही.