रिफ्यूज कुठं वापरायचं

परभणी, ता. ३ फेब्रुवारी १९४१

चि. कोकिळेस बन्सीधरदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक.

आजचं क्रियापद रिफ्यूज. अर्थ, नकार देणं. पण आवडलं नाही म्हणून नाक मुरडणं म्हणजे रिफ्यूज नव्हे. कुणी काही पुढं केलं किंवा हुकूम सोडला, अन् आपण समजून-उमजून नाही म्हटलं, तरच. चहा रिफ्यूज करता येतो, पाऊस नाही. पाच वाक्यं करून धाड. मागच्यासारखी सगळी म्हशीवर नकोत.

लोभ आहेच, तो असू दे.
बन्सीधर


बोरी, ता. १० फेब्रुवारी

ती. दादास कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार.

म्हैस कडबा रिफ्यूज करती. एवढं एकच वाक्य झालं. बाकीची सुचंनात, कारण आबांनी पाथरीच्या व्यंकटरावांना माझ्यासाठी शब्द दिलाय. माणूस बेचाळीसचा, दोन बायका गेलेल्या. मी सतराची. पुढल्या बेस्तरवारी, वीस तारखेला, बघायला येणारेत. मला कुणी इचारलंसुदिक न्हाई. दादा, हे क्रियापद बापावर चालतं का? लगेच कळवा.

तुमच्या मायेची,
कोकिळा


परभणी, ता. १४ फेब्रुवारी

चि. कोकिळेस आशीर्वाद.

अगं बाई, असलं काही करू नकोस! आबांचा शब्द मोडला तर त्यांना गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. तुला परीक्षेला बसवायचं म्हणून मी शिकवलं, घरात वापरायला नव्हे. मुकाट्यानं पाटावर बस.

तुझ्या भल्याचंच सांगणारा,
बन्सीधर


बोरी, ता. २२ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार, आज जरा कमीच.

पाहुण्यांनी चालून दाखव म्हणलं, चालले. लिहून दाखव म्हणून पाटी दिली. मी इंग्रजीत लिहिलं, आय रिफ्यूज. पाटी सगळ्यांच्या हातातून फिरली. वाचता कुणालाच येईना, पण व्यंकटरावांचे मामा म्हणाले, अक्षर लय देखणं हाय, पोरगी पसंत, साखर आणा. मग मीच उभी राहिले अन् सगळ्यांना ऐकू जाईल असा मराठीत अर्थ सांगितला.

आबा कडाडले, बन्सीनं पोरीला बिघडवलं म्हणाले. तेवढ्यात आई माजघरातून बाहेर आली. आबांपुढं कधी तोंड न उघडलेली आपली आई! म्हणाली, माझी पोर मी तिथं देणार न्हाई, पाहुण्यांनी चहा घेऊन निघावं. तिला तर तुमी एक अक्षरबी शिकवलं नव्हतं, दादा.

राग हाय, लोभबी हाय. दोन्ही ठेवून घ्या.
कोकिळा